एक जूनचं राहिलेलं गाऱ्हाणं

आई,

काल तन्वीला नऊ वर्षं पूर्ण झाली आणि कालच तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले.

सुनेनं सासू गेल्यावर सासूला पत्र लिहावं हे जरा नाटकीच आहे. माझ्यासारख्या साताऱ्याकडच्या तोंडाळ बाईला तर ते मुळीच शोभत नाही. समोरासमोर बोलायला आपल्याकडे बारा वर्षं होती. एव्हरशाईन सोसायटीतल्या या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर एवढंसं, की दोघी एकदम वळलो तर कोपराला कोपर लागायचं. पण शेवटचे दोन महिने मी तुमच्याशी बोलले ते एवढंच: दूध आलं का, गॅस बंद केला का, कुकर लावू का. त्याच्या पुढचं सगळं राहून गेलं, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

तुम्ही किती कष्टाळू, किती सोशिक, उमेळ्याच्या वाडीत केळीला पाणी लावता लावता महेशला कसं वाढवलंत, हे तेराव्यापर्यंत जो आला त्यानं सांगितलं. ते मी पुन्हा सांगत नाही. मला पाटाबद्दल बोलायचं आहे.

तन्वीचा चौथा वाढदिवस आठवतो ना? मी स्टेशनजवळच्या बाजारात तीन दुकानं पालथी घालून तिच्यासाठी गुलाबी फ्रॉक आणला होता, घेरदार, जाळीचा. हॉलभर फुगे. पंचवीस माणसं. आणि पोरगी भोकाड पसरून रडत होती. महेश म्हणाला, हस, फोटो काढायचाय. मी म्हणाले, असं करतात का शहाण्या मुली? शेजारच्या बायका म्हणाल्या, नजर लागली. तुम्ही तिला उचललंत, स्वयंपाकघरात नेलंत, जेवायचा पाट मांडून त्यावर बसवलंत आणि स्वतः समोर लादीवर बसलात. मी दारात उभी होते. तुम्ही चक्क हात जोडलेत.

"आज तुझा दिस. आज तू बोलायचं आनि आमी ऐकायचं. कोनावर राग हाय तो सांग. आपल्यात तशी पद्धत हाय."

तन्वी हुंदके देत म्हणाली, "फ्रॉक टोचतो."

"ऐकलं गो बाय," तुम्ही म्हणालात आणि फ्रॉक काढून टाकलात.

त्या वाढदिवसाच्या एकूण एक फोटोत माझी लेक जुन्या शेमीजमध्ये आहे आणि कानापर्यंत हसते आहे. मी मात्र आठवडाभर फुगले होते. एवढा महागाचा फ्रॉक, आणि माहेरी फोटो काय पाठवू? तुम्ही म्हणालात, "हसरा पाठव." मला तेव्हा ते टोमण्यासारखं वाटलं. तुमचं बरंच काही मला तेव्हा टोमण्यासारखं वाटायचं.

पुढच्या वर्षापासून पद्धत ठरूनच गेली. सकाळी आंघोळ, औक्षण, मग गाऱ्हाण्याचा पाट. पाटावर वाढदिवसाचं पोर, समोर लादीवर घरातली मोठी माणसं हात जोडून. पोरानं प्रत्येकाविरुद्ध एकच गाऱ्हाणं सांगायचं. मोठ्यानं फक्त 'ऐकलं' म्हणायचं. कारण द्यायचं नाही, समजूत घालायची नाही. 'पण' हा शब्द तर काढायचाच नाही. महेशच्या तोंडातून एकदा 'पण' निघाला, तर तुम्ही त्याच्या मांडीवर चापट मारलीत, चाळिशीतल्या माणसाच्या! गाऱ्हाणी संपली की तुपात परतलेली राजेळी केळी. केक संध्याकाळी, माझ्या हट्टाखातर.

ती गाऱ्हाणी मला पाठ आहेत. महेशविरुद्ध: बाबा गोष्ट अर्धी सांगून झोपतो. माझ्याविरुद्ध: आई सारखं 'पटकन' म्हणते, पटकन खा, पटकन झोप. तुमच्याविरुद्ध: आजी डोक्याला एवढं तेल चोपडते की मुली मला चंपू म्हणतात. तिघांनीही 'ऐकलं' म्हटलं. महेश त्यानंतरही अर्ध्या गोष्टीत घोरतच राहिला आणि माझं 'पटकन' काही सुटलं नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवसापासून तेलाची वाटी बदललीत. मोठी वाटी वर फळीवर गेली आणि तिच्या जागी तन्वीच्या भातुकलीतली आली. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मी कधी बोलून दाखवलं नाही.

मग ते एक जूनचं. तन्वी सहा वर्षांची असताना कपाटातल्या कागदांत तिला तुमची आणि गेलेल्या आजोबांची जन्मतारीख सापडली. "आजी! तुमचा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी?" तुम्ही हसलात. तुम्हा दोघांचाच काय, गावातल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, कधी झाली? आई सांगायची, भात लावायच्या टायमाला. मास्तर एक जून लिहून मोकळे. तन्वीला ही गंमत वाटली नाही. तिचा चेहरा पडला. "म्हणजे तुला खरा वाढदिवसच नाही?" आणि त्या एक जूनला तिनं तुम्हाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आम्हा दोघांना समोर हात जोडायला लावले आणि म्हणाली, "बोल आजी, कोणावर राग आहे?"

तुम्ही आमच्याकडे बघितलंत. "काय नाय गो. सगळं बरं हाय."

दुसऱ्या वर्षीही तेच. तन्वी चिडायची, ही चीटिंग आहे म्हणायची. महेश पाठीमागे मला म्हणाला होता, बघ, माझी आई कशी आहे. मला मात्र पटायचं नाही. माझ्यासारखी सून घरात असताना कोणाला एकही गाऱ्हाणं नसेल, हे शक्यच नाही.

आता मागच्या वर्षीच्या वाढदिवसाकडे येते. माझे आई-बाबा साताऱ्याहून खास आले होते. पाट मांडला, सगळे बसले आणि माझी पाळी आल्यावर तन्वी म्हणाली, "आई बाथरूममध्ये जाऊन रडते आणि बाहेर येऊन सांगते सर्दी झाली."

माझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मी 'ऐकलं' म्हणाले खरी, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. रडण्याचं कारण काही मोठं नव्हतं. कारखान्यात वरच्या माणसाची बोलणी खायची, घरी येऊन हसायचं, कधीतरी बांध फुटतो. पण ते माझं होतं. माझ्या आई-बाबांसमोर मांडायला ते पाटावर कसं आलं? त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, हे आता बंद करूया. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "आपल्यात पद्धत हाय ती. पोराचा हक्क हाय तो." पद्धत म्हटल्यावर मी काय बोलणार? मी बाहेरून आलेली.

मे महिन्यात उमेळ्याला हळदीला गेलो. मोठ्या आत्या मांडवात खुर्चीवर बसल्या होत्या. तुमच्या नणंद, ऐंशी ओलांडलेल्या, घराण्याचं सगळं ज्यांना तोंडपाठ. मी सहज म्हणून विचारलं. खरं तर सहज नव्हतंच. आत्या तोंडाला पदर लावून हसल्या. "गाऱ्हानं? पोरांनी? अगो, आमच्यात पोरानं तोंड उघडलं तर बापाचा हात उठायचा. वाढदिवस कोनाला ठाव होता तवा!"

घरी आल्यावर चपला काढायच्या आत सुरू झाले. आई, मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच, तरी लिहिते, म्हणजे मला ते नाकारता येणार नाही. मी म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात. तुमच्या घरात अशी काही पद्धतच नव्हती. तुम्ही ती मनानं बनवलीत. माझ्या पोरीला माझ्याच विरुद्ध बोलायला शिकवलंत आणि वर घराण्याचं नाव पुढे केलंत. आता या घरात तो पाट मांडला जाणार नाही."

तुम्ही हातातली साडीची पिशवी खुर्चीवर ठेवलीत. मला वाटलं, आता भांडण होईल. मला ते हवंच होतं. तुम्ही भांडला असता तर मीही भांडले असते, दोन दिवस अबोला झाला असता आणि तिसऱ्या दिवशी चहा झाला असता. तुम्ही म्हणालात, "ऐकलं." आणि आत गेलात.

मी त्याचाही राग धरला. माझीच चेष्टा केलीत असं वाटलं.

त्यानंतर एक जून आला. तन्वीनं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं, माझा पाट आईनं बंद केलाय, आजीचा नाही. मला तुमच्यासमोर हात जोडून बसायचं नव्हतं. वालीवला आमच्या कारखान्यात माल गाडीत भरून रवाना करायचं काम माझ्याकडे. सकाळी गाडी लवकर लागणार आहे, असं सांगून मी साडेसातला घराबाहेर पडले. गाडी दुपारची होती. मी चार तास खोक्यांवरची लेबलं तपासत बसले, जी आदल्या दिवशीच तपासून झाली होती.

संध्याकाळी तन्वीनं दार उघडलं ती उड्या मारतच. "आई, आई, आजीकडे या वर्षी आहे! एक गाऱ्हाणं आहे! तुझ्यासाठी आहे. तू नव्हतीस म्हणून तिनं सांगितलं नाही. तू आल्यावर सांगणार आहे."

मी स्वयंपाकघरात आले. तुम्ही मेथी निवडत होतात. तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे पाहिलंत. बारा वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं आणि त्यासाठी तुम्ही माझ्या बसण्याची वाट बघत होतात. मला फक्त खाली लादीवर बसायचं होतं.

मी म्हणाले, "कुकर लावू का?"

तुम्ही म्हणालात, "लाव."

एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी विचारू, रविवारी विचारू, असं करत महिना गेला. मग त्या सकाळी तुम्ही पूजेला बसलात आणि उजवा हात उचलेना. हॉस्पिटलात पोचेपर्यंत वाचा गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी महेश औषधं आणायला खाली गेला आणि मी एकटी तुमच्याजवळ होते. तुमचे ओठ हलले. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मी कान तोंडाजवळ नेला. नुसता श्वास आणि त्यात अडकलेला एक आवाज, शब्द नव्हता तो. पुन्हा एकदा तसंच. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, मला कळत नव्हतं म्हणून.

मी तुमचा हात धरला आणि म्हणाले, "ऐकलं, आई."

तुम्ही डोळे मिटलेत. मी खोटं बोलले होते. मला एक अक्षरही कळलं नव्हतं. ज्या बाईला मी खोटारडी म्हणाले तिच्याशी शेवटचं बोलणं मी खोटं केलं, आणि हे मी अजून महेशलाही सांगितलेलं नाही.

तेरा दिवस घरात माणसं येत होती. बोलायला काहीतरी हवं असतं. मी प्रत्येकाला पाटाची गोष्ट सांगायचे. अगदी कौतुकानं, डोळे पुसत. त्यांच्यात अशी पद्धत होती हो, वाढदिवसाला पोरांचं गाऱ्हाणं ऐकायची. त्यांचं किती शहाणपण बघा. पद्धत मी बंद केली, हे कोणाला सांगितलं नाही. तन्वी कोपऱ्यात बसून ऐकायची.

वाढदिवस जवळ आला तसा मोठ्या आत्यांचा फोन आला. वर्षश्राद्ध होईपर्यंत या घरात गोड नाय, ओवाळणं नाय, पोरीला समजावून सांग. महेशला विचारलं तर तो म्हणाला, तुला वाटेल ते कर. तुम्ही गेल्यापासून त्याचं सगळ्याला हेच उत्तर आहे. तन्वीनं तर विचारलंसुद्धा नाही. काल सकाळी ती आपली आपण शाळेचा गणवेश घालून, वेण्या घालून बाहेर आली. वेण्या वाकड्या होत्या. त्या रोज तुम्ही घालायचात.

मी पाट काढला. धुतला, पुसला आणि मांडला. निरांजन लावलं नाही, केळीही परतली नाहीत, आत्यांचा तेवढा मान ठेवला. तन्वी पाटाकडे बघत राहिली. "बंद होतं ना?" ती म्हणाली. मी म्हणाले, "बस."

मी आणि महेश समोर बसलो. तिसरी जागा रिकामी ठेवायची असं काही ठरवलं नव्हतं, पण आम्ही तेवढं अंतर सोडूनच बसलो.

महेशला ती म्हणाली, "बाबा, तू आजीच्या खोलीत दार लावून बसतोस. मलापण बसायचं असतं." महेश कसाबसा 'ऐकलं' म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं. मग ती माझ्याकडे वळली. मी हात जोडले होते. ती काय बोलणार ते मला माहीत होतं. तू आजीशी बोलत नव्हतीस. तू मुद्दाम लवकर गेलीस. हे नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकायची मी रात्रीपासून तयारी केली होती.

ती म्हणाली, "तू सगळ्यांना चुकीचं सांगतेस. तू 'त्यांच्यात पद्धत होती' असं सांगतेस. आजी असं म्हणायचीच नाही. ती 'आपल्यात' म्हणायची."

माझ्या तोंडातून 'पण' निघणार होता. मी ओठ दाबून धरले.

आई, तुम्ही 'आमच्यात' असं एकदाही म्हणाला नव्हतात. मांडवात आत्या 'आमच्यात' म्हणाल्या, त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या घरात पोरांना मार बसायचा. तुम्ही घराण्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं, ते मी घातलं. तुम्ही 'आपल्यात' म्हणायचात आणि मला 'आमच्यात' ऐकू यायचं, आणि त्यावर माझ्याकडून 'तुमच्यात' असं उत्तर जायचं. तुमच्या 'आपल्यात' मी होते, तन्वी होती. स्वयंपाकघराच्या लादीवर त्या दिवशी जे घर सुरू झालं त्याची ती पद्धत होती. ती तुम्ही मनानं बनवलीत, खरंच आहे. कोणीतरी मनानं बनवल्याशिवाय पद्धत येते कुठून? आणि ज्या बाईच्या जन्माचा दिवसही मास्तरांनी मनानं लिहिला, तिनं नातीसाठी एक दिवस मनानं घडवला, तर मी तिला खोटी म्हणाले.

एक जूनचं तुमचं गाऱ्हाणं हेच होतं का? मला माहीत नाही. मला तसं मानून मोकळं व्हायला आवडेल, पण ते फार सोयीचं होईल. कदाचित मी आमटीत गूळ घालते, त्याचंच असेल. कदाचित असं काही असेल जे ऐकून मला आठ दिवस झोप लागली नसती. ते तुमच्याबरोबर गेलं. माझ्याच चुकीनं गेलं, आणि हे दुःख मला कमी करून नकोय. तुम्ही मला फार दिलंत, आई. मला ऐकून घेणारी लेक दिलीत, आणि त्याहून कठीण म्हणजे ऐकवणारी लेक दिलीत. त्याबद्दल मी तुम्हाला कधी एका शब्दानं काही म्हणाले नाही. आज म्हणते, उशिरा का होईना.

मी तन्वीला 'ऐकलं' म्हणाले. या वेळी खरंच ऐकलं होतं. मग तिची वेणी सोडली, नीट घातली आणि तिला शाळेच्या बसपर्यंत सोडलं. 'पटकन' म्हणाले नाही. बस चुकता चुकता राहिली.

दुपारी मोठ्या आत्यांचा फोन आला. कोणीतरी कळवलं असावं, किंवा महेशच बोलला असेल. "काय गो, पोरीला पाटावर बसवलंस म्हनं? वर्ष जायच्या आत? असं चालतं का?"

मी कारखान्यात होते, मागे गाडीत खोकी चढत होती. मी म्हणाले, "आत्या, आपल्यात चालतं."

मला वाटलं, आता त्या फोन आपटतील. मग आत्यांचा आवाज आला, जरा बारीक, मांडवातल्यासारखा मुळीच नाही.

"माझी पोरं मला कधी काय बोललीच नाय गो. आता तर येतबी नायत. पुढच्या टायमाला मला न्यायला येशील? तन्वीच्या समोर बसते मी."